माशांचा चाकू

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला महिना झाला. उत्तर आज लिहिते आहे, कारण हे चष्मा दुरुस्त करून घ्यायला बाहेर गेलेत आणि तासभर तरी परत येणार नाहीत.

ह्यांचा तो मिटणारा चाकू तू पाहिलास ना? निवृत्तीनंतर मासे पकडायचं वेड घेतलं, तेव्हा आणलेला. लांब, बारीक, लवणारं पातं, माशाचं मांस काट्यांपासून अलगद सोडवायला. तीनदा गेले, तळहाताएवढा एक मासा मिळाला, तोही शेजारणीच्या मांजराने पळवला. गळ माळ्यावर गेला आणि चाकू माझ्याकडे आला. तेव्हापासून टोमॅटो, पाव, पार्सलची दोरी, उसवायची शिवण, ह्यांच्या गोळीचे दोन तुकडे, सगळं त्यानेच. काम झालं की पुसायचा, मिटायचा आणि एप्रनच्या खिशात टाकायचा. हे म्हणायचे, "बायको केली की दरोडेखोर?"

तीन आठवड्यांपूर्वी लिंबू चिरत होते. फोड लाल दिसली, तेव्हा कळलं की बोट कापलंय. ह्यांनी पट्टी बांधली आणि वर कौतुकाने म्हणाले, "धारच अशी आहे, माशालासुद्धा कळत नाही." मीही हसले. पण ताई, लिंबाचा रस जखमेत उतरला होता आणि मला झोंबलं नव्हतं.

त्या आठवड्यात आणखी दोनदा झालं. मग मात्र ह्यांनी चाकू आपल्या कपाटात कुलपात टाकला आणि बाजारातून एक सुरी आणून दिली. "घे, हिने लोणीसुद्धा कापलं जायचं नाही." खरंच इतकी बोथट आहे. पाव कापायचा तर करवतीसारखी ओढावी लागते. सोमवारी सकाळी त्याच सुरीने पाव कापत होते आणि पावावर रक्त दिसलं. बोथट सुरीने एवढं खोल कापायला ती दोन-तीनदा तरी एकाच जागी फिरवावी लागते. मी फिरवली असणार. मला काहीच कळलं नाही. मी पाव टाकून दिला, फळी धुतली आणि ह्यांना सांगितलं, पाव शिळा निघाला.

आता मी न्हाणीघराची कडी लावून बोटांना सुई टोचून बघते. आठवतं तुला, शाळेत शिवणाच्या तासाला सुई लागली की मी केवढा गळा काढायची? तू शेजारच्या वर्गातून धावत यायचीस, परवानगी न घेता. शिवण शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, "लागलंय हिला आणि पांढरी पडलीय हिची ताई!" काल मी सुई अर्ध्या पेरापर्यंत जाऊ दिली. वाट बघत बसले, आता दुखेल, आता दुखेल.

चाकूवर खापर फोडता येत होतं, तोवर मी शांत झोपत होते.

आईच्या हातून कप पडायला लागले, असं तू एकदा लिहिलं होतंस. मी उत्तरात विचारलं होतं, नवा सेट पाठवू का? सात वर्षं तू तिला भरवलंस, उठवलंस, कूस बदललीस. मी दोनदा आले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी निघाले. तू म्हणालीस, "तू जा, तुझी मुलं लहान आहेत." मी लगेच ऐकलं. मुलं एवढी लहान नव्हती. मला बघवत नव्हतं, आणि विचारलं तर तू खरं सांगशील, याची भीती वाटत होती.

येत्या नाही, त्यापुढच्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय. ह्यांना दात दाखवायला जाते म्हणून सांगितलंय. तिथे भरायचा कागद मी आधीच आणलाय. 'आईवडिलांना असा त्रास होता का, सुरुवात कशी झाली?' ती जागा कोरी आहे. मी तिची मुलगी, आणि मला लिहिता येत नाही. फोन करू नकोस, हे जवळच बसलेले असतात. चार ओळी लिही, पण खऱ्या लिही. आईचा आधी कुठला हात गेला, उजवा की डावा? माझा डावा आहे.

तुझीच,
भित्री