हिरवं दिसलं म्हणजे जिवंत नव्हे

मल्लेश्वरम,
११ डिसेंबर १९९८

प्रिय जितेंद्र,

दिल्लीत थंडी असेल आणि तुझा स्वेटर इथेच राहिलाय. पाठवणार होते, पण काल तुझ्या टेबलावर अहवालाची प्रत सापडली आणि तुझी काळजी करायची इच्छाच उरली नाही.

बेटाभोवतीचं प्रवाळ सुस्थितीत आहे, हे वाक्य लिहवलं कसं तुला? मे महिन्यात लक्षद्वीपचं पाणी तापलं तेव्हा मी रोज त्यात उतरत होते. पोवळ्यांच्या अंगात राहून त्यांना जगवणारं सूक्ष्म शेवाळ निघून गेलं आणि बघता बघता सगळा खडक चुन्यासारखा पांढरा पडला. ऑक्टोबरमध्ये परत गेले, तर त्या सांगाड्यांवर दुसरंच बुळबुळीत शेवाळ चढलेलं. तुझ्या उपग्रहाने ते हिरवं टिपलं आणि तू इथे पंख्याखाली बसून त्याला जिवंत ठरवलंस. हेब्बाळच्या तळ्यावर जलपर्णी माजली तर तिला बाग म्हणशील का? दिसतं तसं नसतं, हे शेजारच्या श्यामलाअक्कांनाही कळतं.

नुसती चूक असती तर भांडून गप्प बसले असते. पण अहवाल लिहिताना माझ्या नोंदींची वही तुझ्याकडेच होती. शंभरातली ऐंशी पोवळी मेली, हे वाचून तू कपाळाला हात लावला होतास. मग बोटींसाठी खडक फोडून वाट रुंद करायची टूम निघाली, साहेबांना घाई झाली आणि तू मूग गिळून बसलास. लग्नानंतर मला त्या पाण्यात पहिल्यांदा उतरवलं ते तूच. मला पोहता येत नव्हतं, तू तासभर हात सोडला नाहीस. तो माणूस कुठे गेला, याचाच मला जास्त राग येतो.

अजून सगळं संपलेलं नाही रे. मेलेल्या खडकावर नखाएवढी नवी पोवळी धरलीत, मी सतरा मोजली. निवांत राहू दिलं तर दहा-पंधरा वर्षांत सावरेल. सुरुंग लावलात तर धरायला खडकच उरणार नाही.

आणि अहवालाखाली ‘प्रत्यक्ष पाहणी: हेमलता’ असं न विचारता माझं नाव घातलंस. म्हणून वहीची नक्कल मी आज तुझा अहवाल तपासणाऱ्या दिल्लीच्या समितीला पोस्टाने पाठवली, बुधवारी पोचेल. हे पत्र ऑफिसातली अंजली विमानाने आणतेय, तुला उद्याच मिळेल. मधले तीन दिवस तुझे. अहवाल तूच मागे घे. नाहीतर बुधवारी तुला खोटं पाडणारी मी असेन.

तरीही तुझीच,
हेमा