पुसलेली काच

९ जानेवारी १९३४, अलिबाग
वर्ग सुरू. आठ हवालदार, एक कॅमेरा, ठसे उठवायच्या पुडीचे दोन डबे. पुण्याच्या कचेरीत अकरा वर्षं दुसऱ्यांनी आणलेले बोटांचे ठसे जुळवत बसलो, आता मास्तर झालो. तिथल्या साहेबांचं म्हणणं असं की, दोन महिन्यांत ह्यांना ठसा उठवायला आणि त्याचा फोटो काढायला शिकवा. जमलं तर इथं कायमची शाखा, शाखेवर तुम्ही. सौ.ला पत्रात यातलं काही लिहिलं नाही. आधी जमू दे.
फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हात लावू नका'. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग मेजावरचा पेला दाखवून विचारलं, ह्यावर ठसा कुठे आहे? तिघांनी पेला उचलून पाहिला.

१३ जाने.
खाऱ्या हवेनं पुडीच्या गुठळ्या होतात. शेगडीपाशी ठेवून वाळवतो, दुपारपर्यंत पुन्हा तेच. फोटोच्या दोन प्लेटा धुताना वाया गेल्या. साहेबांना लिहिलं, उत्तर नाही.
आठांत एकटे घरत कामाचे. वय पन्नाशीचं, पेन्शनला तीन वर्षं राहिली. कुंचला असा फिरवतात की रेघ न् रेघ उभी राहते. बाकीचे भिंतीला चुना लावल्यासारखे. घरतांना म्हटलं, शाखा झाली तर माझ्या हाताखाली तुम्हीच. लाजले.

१५ जाने.
कालच्या संक्रांतीचा तीळगूळ खाऊन मंडळी वर्गात आली आणि चिकट हातांनी काचा धरल्या. आजवरचे सर्वांत सुरेख ठसे. हसावं की डोकं आपटावं.

२४ जाने.
चौलला चोरी. एका बागाईतदाराच्या बायकोच्या दागिन्यांची पेटी माळ्यावरून गेली. वर्गाला खरं काम दाखवायला आठांनाही घेऊन गेलो. माळ्याच्या खिडकीत रात्रभर कंदील जळत असतो. चोरानं आत शिरताना कंदिलाची काच काढून, दिवा विझवून, काच खिडकीत ठेवली. घरची बाई रोज संध्याकाळी राखेनं काच घासते. म्हणजे काचेवर एक तर तिची बोटं, नाही तर चोराची. इतकं सरळ काम नशिबात असतं कधी?
वर जाऊन तिरप्या उन्हात काच पाहिली. खालच्या कडेला अंगठा. रेघा नीट दिसल्या नाहीत, पण अंगठा होता, ह्यात शंका नाही. हात लावला नाही.
खाली अंगणात गाव जमलेलं. मला भाषण सुचलं. म्हणालो, "ज्यानं काच काढली त्याची सही आहे तिच्यावर. कॅमेरा ती वाचणार." कॅमेरा उजेडात मांडला आणि साहेबी थाटात वर हाक मारली, "घरत, काच आणा."
घरतांनी आणली. कडेला दोन बोटांनी धरून, अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि जिना उतरण्याआधी खांद्यावरच्या फडक्यानं लख्ख पुसून.
"साहेबांच्या हातात काजळीची काच कशी देनार?" म्हणाले.
मी काच उजेडाकडे धरून उभा. गाव बघतंय. शेवटी फोटो काढला. रिकाम्या काचेचा.

२६ जाने.
फौजदारांनी धर्माला धरलं. धर्मा त्याच बागाईतदाराच्या वाडीत नारळ उतरवतो. पुरावा काय, तर माळ्याची खिडकी उंच आणि हा माडावर चढणारा. पेटी मिळालेली नाही.
परवाचं माझं भाषण त्यानं अंगणात उभं राहून ऐकलं होतं. कोठडीत मला बघून उठला, दोन्ही हात पुढे केले. "साहेब, माजी बोटां घ्या. मी त्या घरात कधी शिरलो न्हाय. तुमची मशीन सांगंल."
दहाही बोटं घेतली. उजव्या अंगठ्यावर कोयत्याची आडवी खूण, आंधळ्यालाही ओळखू येईल अशी. काचेवरच्या अंगठ्याला ती होती का? आठवतो, आठवतो, काही दिसत नाही. असेलही. तोच चोर असेल, कोण जाणे.
"कंदी कलंल?" त्यानं विचारलं. मी 'बघतो' म्हणालो. लाज वाटली.

३० जाने.
फौजदारांना खरं सांगितलं. त्यांनी पान जमवलं, तोंडात टाकलं. "पुसली हे कुठं लिहू नका, मास्तर. घरत बडतर्फ, तुमचा वर्ग बंद, साहेबांचं नाक कापलं. लिहा, काचेवर ठसे मिळाले नाहीत. खोटं आहे का ह्यात?"
खोटं नाही. तसंच लिहून सही केली. साहेबांचा शेरा आला, काम समाधानकारक.

५ फेब्रु.
माझी अक्कल कुठे चरायला गेली होती? सरकारी वकिलांनी माझाच अहवाल पुढ्यात घेऊन समजावलं. काच साफ होती ना? मग ती चोरानं पुसली. घरच्या बाईची बोटंसुद्धा नाहीत, म्हणजे मुद्दाम पुसली. आणि धर्माच्या कमरेला सदा फडकं असतं, माडावर घाम पुसायला. "छान बसतं," म्हणाले.
पुसलं आमच्या फडक्यानं, बसणार त्याच्या फडक्यावर. तेराला कोर्टात माझी साक्ष.

८ फेब्रु.
सौ.चं पत्र. शाखेचं कोणाकडून तरी कळलं तिला. अलिबागला विहिरीचं पाणी गोडं आहे का, विचारते.
वर्गात घरत काम करेनात. कुंचला तसाच हातात. सगळे गेल्यावर म्हणाले, "साहेब, तुमी बोला काय बोलायचं तां. फक्त मना आदी सांगा. घरात सांगाया लागंल."
त्यांच्यावर ओरडलो. पुसण्याची काय गरज होती, फळ्यावर काय लिहिलं होतं, सगळं. ऐकून घेतलं त्यांनी. तीस वर्षं ह्या माणसाला साहेबापुढे वस्तू पुसून ठेवायला शिकवलं, आणि मी पंधरा दिवसांत फळ्यावर लिहून ते मोडणार होतो. शिवाय काच आणा म्हणालं कोण? चार पायऱ्या चढून मला जाता येत नव्हतं? गाव बघत होतं ना.

१२ फेब्रु.
सकाळी धर्माची बायको आली. चौलहून चालत, डोक्यावर सहा शहाळी. नको म्हटलं तरी ओसरीवर ठेवली. धर्मानं निरोप दिलाय, मशीनवाल्या साहेबांची साक्ष झाली की मी सुटलो, वाडीच्या मालकाला सांग, माजे माड दुसऱ्याला देव नको.
म्हणाली, "उद्या सांगाल नव्हं, साहेब?"
"सांगीन," म्हणालो.
काय सांगणार ते तिनं विचारलं नाही. पदरानं ओसरीवर शहाळ्यांवरून ओघळलेलं पाणी पुसलं आणि गेली. घरतांना अजून काही कळवलेलं नाही. उद्या सकाळी अकरा वाजता पुकारा.