बाहीचा आशीर्वाद

४ जानेवारी

चि. भिंगरीस, मामाचे ओंजळभर आशीर्वाद. पत्राला कारण असं काही नाही; पण न लिहायलाही कारण सापडेना, म्हणून बसलो.

आज कपाट आवरताना तुझ्या मामीच्या हाती माझा प्रयोगशाळेतला जुना कोट लागला. मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांत धरून तिने तो माझ्यापुढे नाचवला आणि विचारलं, की आता हा धुवायचा की पुरायचा. मी हिसकावून घेतला. बाह्यांच्या शिवणींतून अजून पांढरी भुकटी झडते. अंगात घालून खिडकीशी उभा राहिलो, तर डोळ्यांपुढे थेट आपला रसायन विभाग. तो लांबलचक बोळ, ॲसिडने खाल्लेली टेबलं, आणि कोपऱ्यातला तो गळका नळ. त्याच्या ठेक्यावर मी मुलांना कविता म्हणायला लावायचो. विद्यापीठातली घोडमुलं ती, पण चालीवर म्हणायला लागली की पुन्हा चौथीच्या बाकावर जाऊन बसायची.

तू शाळा सुटली की आमच्याकडे जेवून तिथेच यायचीस. उंच स्टुलावर बसून पाय हलवत राहायचीस. तेव्हा अर्धा विभाग मी शोधलेला, माझाच पदार्थ बनवत असे. कुणाच्या चंबूतलं द्रावण गार होऊनही दाणा धरायचं नाव घेईना, की सरांना बोलवा अशी हाक यायची. मी जाऊन चंबूवर कोटाची बाही झटकायचो. त्याच पदार्थाच्या त्या भुकटीचा एखादा कण आत पडला की झालं. कुणीतरी आधी येऊन बसायचीच काय ती खोटी, मग तळाशी पांढरे दाणे भराभरा जमायचे. विभागात त्याला ‘बाहीचा आशीर्वाद’ म्हणत. आणि तू वरून माझी कविता म्हणायचीस:

एक दाणा आला, तळाशी बसला,
त्याला पाहून सारा मेळा जमला.

पुढे काय झालं ते तू जाणतेसच. पदार्थ औषधी होता, पण आमचा पांढरा दाणा पाण्यात विरघळेना. पोटात जायचा तसाच बाहेर यायचा. काम बासनात गेलं आणि पाठोपाठ मी घरी. मामी म्हणते, तुम्हीही कुठे कुणात विरघळलात. असो.

एकदा विभाग बघावासा वाटतो. पण बोलावल्याशिवाय कसं यायचं? तुझा लोभ आहे. तो या कोटासारखा जुना व्हावा, विरू मात्र नये.

तुझा मामा

१५ जानेवारी

ती. मामांना सा. न., आणि मामीला त्याहून थोडा जास्त, कारण जेवायला ती वाढायची.

विभागाची खबरबात ऐका. आमचे विभागप्रमुख, ज्यांना आम्ही डुलकी म्हणतो, ते बैठकीत झोपतात आणि जाग आली की मंजूर म्हणतात. परवा त्यांनी चुकून कारकुनाची जांभईसुद्धा मंजूर केली. वजनकाट्यांच्या खोलीत चहा करायला बंदी आली आहे, म्हणून आता आम्ही तो बंदीची पाटी झाकून करतो.

खरी बातमी पुढे आहे. एक कायमची जागा निघाली आहे. हंगामी आम्ही दोघं, मी आणि लंबू. लंबूला तुम्ही पाहिलेलं नाही. तुमच्यानंतर आला. मान खाली घालून बोलतो, जणू समोरच्याच्या बुटांशी त्याचं जुनं नातं आहे. नव्या बंद खोलीत तो पिवळ्या सुया वाढवतो. सुयांसारखे स्फटिक, औषधाचे. कशाचे ते विचारू नका, कंपनीशी करार आहे, नाव बाहेर काढायचं नाही. खोलीत शिरायचं तर बूट काढा, डोकं झाका, नवा कोट घाला. माणूस सासुरवाडीलासुद्धा एवढं आवरून जात नाही. पुढच्या महिन्यात कंपनीची माणसं सुया बघायला येणार. पसंत पडल्या, की जागा त्याची. नाही पडल्या, तर उरते कोण?

तसं त्याचं भलं व्हावं असंच मला वाटतं. म्हणून एक सुचलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तुम्ही विभागात या. मी बोलावते, झालं समाधान? कोट घालून या, आणि मामीला तो धुवू देऊ नका. फोटो काढायचा आहे, जुनेपण दिसायला हवं. मला तास आहेत, तेव्हा तुम्ही सरळ लंबूच्या खोलीत जा. मी त्याला सांगून ठेवते. त्याच्या मोठ्या चंबूला बाहीचा आशीर्वाद द्या. तो लाजरा आहे, मागायचा नाही. पाठमोरा झाला की हळूच द्या.

माया आहेच, तुमच्याकडून ती कमी पडू नये.

तुमची भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, मामाचे आज दुप्पट आशीर्वाद, कारण आज मामा दुप्पट झाला आहे.

काल आलो होतो. तुझी गाठ पडली नाही. तास सुटेपर्यंत बोळात बसलो. मग कारकून म्हणाला, बाई मागच्या जिन्याने केव्हाच गेल्या. असेल तुला काम. पण भिंगरे, काय दिवस दिलास. तो नळ दुरुस्त केला आहे, त्याचं तेवढं वाईट वाटलं.

तुझा लंबू भला मुलगा आहे. मी दारात दिसताच उभा राहिला तो बसेचना. त्याच्या हातात माझ्यासाठी घडी मोडलेला नवा कोट होता. तो त्याने पुढे केला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि परत खुंटीला अडकवला. मी अडखळेन म्हणून बूटसुद्धा काढू दिले नाहीत. मग सुया दाखवल्या. कोवळं ऊन कुणीतरी काड्या करून मोडून ठेवावं, तशा. तो सांगत होता, की याच्यावर त्याचं सारं काही आहे. जागा मिळाली की गावाकडून आईला आणायचं आहे, ती एकटी असते.

मला खुर्ची आणायला तो शेजारच्या खोलीत गेला. मोठा चंबू उघडाच होता. मी दोन्ही बाह्या झटकल्या, चांगल्या सढळ. कविताही म्हटली, हळू आवाजात. तो खुर्ची घेऊन आला, तेव्हा मी शहाण्यासारखा हात मागे बांधून उभा होतो.

त्याच्या सुया कशा झाल्या ते कळव. फोटो राहूनच गेला. लोभ वाढता आहेच. त्याला कुणी कात्री लावू नये.

तुझा मामा

२० फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. घाईत लिहिते आहे.

जागा मला मिळाली. पाहुणे आले, लंबूने झाकण काढलं, तर आत सगळा पांढरा चिखल. पाहुणे तीन दिवस थांबले. त्याने दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा केलं, भिंतीसुद्धा धुतल्या. दर वेळी पांढरंच. तो पाहुण्यांच्या बुटांशी बोलत राहिला आणि पाहुणे घड्याळाशी. डुलकींनाही त्या दिवसांत झोप आली नाही, यावरून समजा.

तुमचा पायगुण चांगला आहे, मामा. मामीला सांगा, भिंगरी कायम झाली. लोभ ठेवाच.

तुमची भिंगरी

११ जून

चि. भिंगरीस, मामाचे आशीर्वाद.

काल लंबू घरी आला होता. मामीने त्याला जेवायला बसवलं. आता तो साबणाच्या कारखान्यात पाळीवर असतो, हाताची कातडी सोलवटली आहे. त्याची आई मे महिन्यात गेली, गावाकडेच.

करार संपल्यामुळे त्याने मला पदार्थाचं नाव सांगितलं. भिंगरे, तो माझाच पदार्थ होता. ज्याचा आमच्याकडे जन्मभर पांढराच दाणा पडत गेला, त्याची पिवळी सुई त्या पोराने स्वच्छ खोलीत पहिल्यांदा घडवली होती. आणि ती विरघळत होती. पण पांढऱ्याचा एक कण आत पडला, की सारा चंबू पांढऱ्याच्याच मागे जातो. मी ती डोळ्यांनी बघितली आणि ओळखली नाही.

तो माझ्यावर रागावलेला नाही. उलट माफी मागत होता, की मी सरांना कोट बदलायला लावायला हवं होतं. जुनी भुकटी इतकी वर्षं जिवंत राहील असं वाटलं नाही म्हणाला. मी सहज विचारलं, मग का नाही लावलंस? तर म्हणाला, तूच त्याला बजावलं होतंस, की मामा फार हळवे आहेत, कोटाला हात लावलास तर त्यांच्या मनाला लागेल.

मामी तेव्हा ताक वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं आणि येऊन आमच्यासमोर बसली.

तुला सगळं माहीत होतं का? एवढंच कळव. मी तुझ्या हो-नाहीची वाट बघतो आहे.

तुझा मामा

२४ जून

ती. मामांस सा. न.

हो.

आता पुढचंही ऐका. तुम्ही जन्मभर बाह्या झटकल्यात, कविता म्हटल्यात, आणि लोक हसून तुम्हाला चहा पाजत राहिले. मी स्टुलावर बसून ते हसू बघत होते. तुम्हाला ते प्रेम वाटायचं. तुमचा पदार्थ कुणाच्या उपयोगाला आला नाही. तुम्ही स्वतः एकदाच उपयोगाला आलात, तेही तुम्हाला न कळता. कळलं असतं तर तेवढंही जमलं नसतं. लंबूच्या आईचं वाईट वाटलं, पण तिला मी मारलेलं नाही.

कंपनीने काम सोडलेलं नाही. ते आता माझ्याकडे आहे. डुलकींच्या घरी लंबूच्या सुयांची एक बंद नळी पडून होती, ती विरजणासारखी वापरून मी दुसऱ्या इमारतीत नव्याने सुरुवात केली. नळी संपली, पण सुया आल्या. जगात त्या आता फक्त माझ्याच खोलीत आहेत. त्यांच्यावर मी विभागप्रमुख होणार आहे. तेव्हा तुम्ही इथे फिरकायचं नाही. फाटकावर तुमचं वर्णन देऊन ठेवलं आहे, कोटासकट.

पत्रं मात्र लिहा. लंबूचे नखरे मी ठेवलेले नाहीत, खोली स्वच्छ आहे तेवढं पुरे. तुमची पत्रं मी तिथेच उघडते. सुया वाढताना नुसतं बसून राहायचं असतं, तेवढीच करमणूक.

लोभ ठेवा किंवा ठेवू नका.

भिंगरी

५ ऑगस्ट

चि. भिंगरीस, मामाचे आशीर्वाद. या वेळी ते मोजलेले नाहीत.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. तुझं लहानपणचं ताट होतं, काठाला चिमणी कोरलेलं, ते तिने बोहारणीच्या गाठोड्यात टाकलं आणि बदल्यात काहीच घेतलं नाही. बोहारीण घाबरून दोनदा मागे वळून बघत होती.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. लोक हसायचे, हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, हसता हसता का होईना, चालीवर म्हणतात ना. आणि स्टुलावरची एक पोर तरी हसत नाही. तेवढ्यावर माझं भागायचं. आता तेही खातं तू बंद केलंस, बरं केलंस. म्हातारपणी सामान कमी असावं.

लंबू मध्यंतरी पुन्हा आला होता. मी त्याला विचारलं, की तुला नव्याने उभं राहायचं असेल तर कुठे राहशील. म्हणाला, खूप लांब, जिथे पांढरा दाणा कधी गेलाच नाही. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची समुद्रापलीकडे प्रयोगशाळा आहे. त्याला मी लिहिलं, पण त्या पत्राआधी अंघोळ केली, मामीचा धुतलेला सदरा घातला आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्याच कागदावर लिहिलं. काल त्याचा होकार आला. लंबू पुढच्या आठवड्यात निघतो.

तुझ्या पत्रासाठी मात्र एवढा खटाटोप केला नाही. घरच्या माणसाला कसला आलाय उपचार? हे पत्र मी माझ्या टेबलावर कोट अंथरून त्याच्यावर लिहितो आहे. शाई वाळावी म्हणून प्रत्येक पान बाहीने टिपतो आहे. घडी घालून दोन दिवस कोटाच्या खिशात ठेवणार आहे. त्या खिशात तर भुकटी बोटाला लागते. पाकीटही त्याच खिशातलं.

तेव्हा पाकीट फोडताना टेबलावर थोडं पांढरं सांडलं असेल. ते झटकू नकोस, झटकलं की जास्त पसरतं. फुंकर तर मुळीच घालू नकोस. आता नुसती बसून राहा, तशी तुला सवय आहेच, आणि तुझ्या चंबूच्या तळाशी बघ. कविता तुला पाठ आहे.

मला फाटकावर अडवलंस, म्हणून असा आलो.

बाहीचा आशीर्वाद आहेच.

तुझा मामा