अर्धा राहिलेला धडा

समूताय,

हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठावं न्हाई, म्हणून तुझ्याच अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवतीया.

पाठ व्हावं म्हणून तू मोबाईलात धडे वाचून ठेवायचीस नव्हं, ते मी मेंढरामागं ऐकती. शेवटच्या धड्यात तू "संधी खर्च म्हणजे" इथवर येतीस आन मधीच माझा आवाज येतो, "ताय, चा घे." तू म्हणतीस, "अंके, मोडलंस बघ! ऱ्हायलेलं उद्या." दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना आटपाडीच्या वळणावर तुझी गाडी घसरली, ती तू परत घरी आलीच न्हाईस.

खरं सांगू? चा मी मुद्दाम आणला हुता. घरात एकीलाच शिकवायचं ठरलं, तवा आठवीतनं मी शाळा सोडली. तू घोकाय लागलीस की मला ऐकवायचं न्हाई.

आता रोज तू तिथंच थांबतीस. माझीच वाट बघत असल्यागत.

काल आय भाकरी थापत हुती. मी मोबाईल लावला, पुस्तक उघडलं आन ऱ्हायलेलं अडखळत वाचलं. "एका गोष्टीची निवड करताना ज्या दुसऱ्या गोष्टीचा त्याग करावा लागतो, त्या त्यागाची किंमत म्हणजे संधी खर्च." ते मी परत एकदा वाचलं, न अडखळता, भरभर.

चुलीपासनं आय म्हणाली, "समे, जरा हळू वाच की गं बाय."

भाकरी थापायचा आवाज थांबला हुता. मी "व्हय, आय" म्हणले आन पुढचं पान हळू वाचलं.

तुझी,
अंकी