चांदण्या कोणाच्या

४ फेब्रुवारी, मंगळवार
बाईंनी शाळेतला टॅब घरी दिलाय. दहा दिवसांसाठी, १४ तारखेला तपासणी. माझ्या लेकीनं, भिंगरीनं, मोठ्यानं वाचायचं, टॅब ऐकणार, चांदण्या देणार आणि पुढची पायरी उघडणार. "वर्गात ती तोंडच उघडत नाही," बाई म्हणाल्या. "यावरही जमलं नाही, तर वरच्या वर्गात घालणं अवघड आहे." घरी हिचं तोंड मिटत नाही आणि शाळेत मुकी!

६ फेब्रुवारी
तीन चांदण्या! ती अडली की मी फक्त हळूच शब्द सुचवते. नवऱ्याचं आपलं, "अगं, तिला श्वास तरी घेऊ दे." त्याला काय जातंय सांगायला? बाईंसमोर मला उभं राहायचंय.

९ फेब्रुवारी
पाचवी पायरी. पण ती पानाकडे कमी आणि माझ्या ओठांकडे जास्त बघते.

११ फेब्रुवारी
आज आमच्या चष्म्याच्या दुकानात मी एका आजोबांचे डोळे तपासत होते. ते एकेक अक्षर सावकाश ओळखतायत, तर शेजारून आजी अख्खा तक्ता धडाधड वाचून मोकळ्या! म्हटलं, "आजी, नंबर त्यांचा काढायचाय, तुमचा नाही." बाहेरच बसवलं त्यांना.

संध्याकाळी आठवी पायरी. भिंगरी वाचताना जांभया देत होती. चांदण्या मिळतायत, तरी धाकधूक काही जात नाही. तपासणीला तीनच दिवस उरलेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
टॅब सगळं वाचन साठवून ठेवतो, मला कुठं माहीत! बाईंनी लावलं — माझा आवाज. पुढच्या पानावर, त्याच्याही पुढच्या पानावर — माझाच. आठही पायऱ्या मीच चढले होते! लाजेनं मान वर होईना. आणि त्या आजींना मी बाहेर बसवलं होतं!

बाई रागावल्या नाहीत. "आता नीट ऐका," म्हणाल्या आणि आवाज वाढवला. माझ्या प्रत्येक शब्दाआधी एक बारीक आवाज. "खि..." — "खिडकी!" मी. "डों..." — "डोंगर!" मी. दर वेळी ती सुरुवात करत होती. मीच तिला पुढे जाऊ दिलं नाही.

बाईंनी आणखी एक आठवडा दिलाय.

१५ फेब्रुवारी
तोंडावर हात ठेवून बसले. ती पहिल्याच शब्दावर अडली. जीव नुसता कासावीस, पण हात काढला नाही. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुला येत नाहीये का? थांब, मी सांगते."