माझ्या मनाला तळघर नाही

३ नोव्हेंबर, सकाळ
आधी तक्रार. नातीने आणलेल्या या वहीत शाई फुटते. कॉलेजात मानसशास्त्र शिकते, पण वही घेताना अक्कल घरी ठेवली होती. म्हणते, आजी, मनाला मजले असतात. वर आपण वावरतो, खाली तळघर. तिथे काय चाललंय ते आपलं आपल्यालाच कळत नाही. म्हटलं, तुझं असेल तसं. माझं एकमजली, रोज झाडलेलं.
धाकट्या बहिणीने चारचौघांत माझ्या विणकामाला नावं ठेवली. म्हणे टाके सैल पडतात! तेव्हापासून बोलणं बंद. विचारसुद्धा करायचा नाही असं ठरवलंय.

४ नोव्हेंबर
धाकटीचा विचार केला नाही. जेवतानाही नाही.

७ नोव्हेंबर
स्वतःसाठी स्वेटर घेतला विणायला. निळी लोकर. सून म्हणाली, तुम्हाला निळा आवडत नाही ना? हिला फार माहीत! माप घेतलं नाही. माझ्या हातांना माप पाठ आहे.

१५ नोव्हेंबर
मुलगा समोरच्या खुर्चीत बसला, उठवला. ती मोकळीच बरी दिसते. धाकटी आली की तिथे बसायची, पण त्याचा इथे काय संबंध.

२१ नोव्हेंबर, दुपार
डावी बाही आखूड आली. लोकरच भिकार. दुकानदाराला फोनवर झाडला. म्हणाला, आजी, लोकर धुतल्यावर आटते, विणताना नाही. उद्धट मेला.

२४ नोव्हेंबर
बाही उसवून पुन्हा विणली. परत तेवढीच. सुया बदलल्या. चष्मा पुसला. मुलाला दिवा बदलायला लावला.

२६ नोव्हेंबर
पुन्हा तेच. नातीने स्वेटर उचलून धरला आणि विचारलं, डावा हात आखूड कुणाचा गं आजी? लहानपणी भिंतीवरून पडून धाकटीचा हात मोडला, तो पुरता वाढलाच नाही. घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, योगायोग. कार्टी हसली नाही, तेच जास्त झोंबलं.

२७ नोव्हेंबर
बिघडलेला माल घरात कशाला? नातीबरोबर धाकटीकडे धाडला. निरोप नाही. टाके तेवढे ओढून बघ म्हणावं.

२९ नोव्हेंबर
वाट कोण बघतंय? खुर्ची फोनजवळ ओढली ती उजेडासाठी.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
फोन वाजतोय. तळघर असलं तर असो. सुनेने हात लावायचा नाही, नातीने तर मुळीच नाही. मीच उचलणार.