ज्या खळ्यावर भात झोडत नाहीत

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच लिहायला बसले. वाचणारं माणूस असतं तर माझ्या अक्षराला हसलं असतं. दुसरीतून शाळा तूच सोडवलीस, धाकट्याला सांभाळायला. ते भांडण आता काढत नाही. आज सांगायचंय ते माझ्या नातीचं. मुलगा आणि सून वापीला कंपनीत, आणि ही पोर दूध सुटल्यापासून माझ्याजवळ. बारावं लागलंय, घरात पाय म्हणून टिकत नाही. आपल्या पाड्याच्या पुढे, तलासरीच्या वाटेला, माळावर सिमेंटचं पार्क केलंय. पार्क म्हणजे बाग नाही, झाड एक नाही. नुसते चढ-उतार, आणि मधे वाटीसारखा मोठा खड्डा, गुळगुळीत. पोरं चाकांच्या फळीवर उभी राहून त्यात सुटतात आणि पलीकडच्या काठाला वर येतात. कुणीही यावं. फळी तिथंच मिळते, डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला पट्टे. खेळून झालं की जागेवर ठेवायचं. तिथं शिकवणारी एक ताई आहे. तिने निरोप धाडला की पोरीच्या अंगात खेळ आहे, पुण्याला हॉस्टेलात ठेवा, शाळाही होईल, सरावही होईल. मुलाला फोन केला, तर म्हणतो, "आये, वाढवलीस तू. तू म्हणशील ते." मोठा शहाणा. मग मी बघायला गेले. नाही म्हणायला कारण शोधायला गेले.

काठावर पोचले आणि पायातल्या चपला आपोआप काढल्या गेल्या. पोरं मात्र बुटासकट आत. मी ओरडले, "ए, पायातलं काढा! बापाच्या खळ्यावर असेच चढता का रे?" सगळी थांबली. नातीने तोंड लपवलं. ताई हसत आली.

"आजी, बूट लागतात. अनवाणी पाय फुटेल."

"मग हे सारवतं कोण?"

"सारवायचं नाही हो. सकाळी आम्हीच झाडतो. खडा राहिला तर चाक अडकतं."

"आणि झोडणी कधी करता?"

"झोडणी नाही, आजी. नुसतं खेळायचं."

नुसतं खेळायचं. मी काठावर बसूनच राहिले. मला आपलं खळं दिसत होतं. तू चोपून चोपून केलेलं, वर शेणाचा हात फिरवलेला, अजून ओलसर. मी मधला खांब एका हाताने धरून गरगर फिरतेय, पाय घसरतायत, मला हसू आवरत नाही. आणि तू सूप घेऊन येतेस. "खळं नाचायला असतं का गं, भवाने? लक्ष्मी यायचीय यावर!" सुपाचा मार मी विसरले. पण नंतर तू गुडघ्यावर बसून, मागे मागे सरकत, माझं एकेक पाऊल सारवून टाकलंस. मी तिथं होते असं कुणाला कळलं नसतं, इतकं नीट. ते लागलं. पुढं खळ्यावर पाय ठेवला तो कामालाच.

मी अशी बसलेली आणि नात धाडकन पडली. मी उठले, तर ताई म्हणते, "बसा आजी, तिला पडता येतं." इथं पहिलं पडायलाच शिकवतात म्हणे, अंग सैल सोडून. बाकीच्या पोरांनी फळ्या जमिनीवर आपटल्या, शाबासकी म्हणून. पडलेल्याला शाबासकी! पोर उठली, गुडघा झटकला, परत काठावर गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुटली. पलीकडे वर आली तेव्हा, आये, क्षणभर ती कशालाच टेकलेली नव्हती.

कारण काही मिळालं नाही. ताईला तिथंच सांगितलं, ने बाई. वाटेत पोर विचारते, "आजी, तू एकटी काय करशील?"

"झोपेन. तुझ्यापायी झोप कुठं मिळालीय मला."

गेली ती. आता चुलीपुढं बसते, तर शिव्या द्यायला माणूस नाही. कोंबड्यांना देते, त्या ऐकून घेतात. त्यात काय मजा? रविवारी तिचा फोन येतो. ती फळीवरच्या कसल्या कसल्या उड्यांची नावं सांगते, मी विचारते जेवलीस का. मला वाटतं ती फोन ठेवेल, तिला वाटतं मी ठेवेन. शेजारीण म्हणते, वापीला जाऊन राहा. तिथं खोलीत पाय पसरले तर सुनेच्या चुलीत जातात.

हा कागद कुठं जायचा नाही, उद्या चुलीतच जाईल, म्हणून एवढं सांगते. संध्याकाळची मी अजून पार्कात जाते. माझं तिथं कुणी नाही. हेल्मेट न घालणाऱ्यांना ओरडते, ती पोरं आता आजी म्हणतात. काल डहाणूची एक बाई आपल्या पोराला घेऊन आली, माझ्याशेजारी टेकली. म्हणाली, "मावशी, यातलं तुमचं कोण?" लाल हेल्मेटवाली एक पोर तेव्हा काठावर उभी होती, कुणाची कोण जाणे. मी तिच्याकडे बोट केलं.

"ती," म्हटलं. "ती माझी."